पळसाला पानं तीनच, पण...

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. दारातल्या तुळशीला रोज पाणी घालता, संध्याकाळी दिवा लावता. मग सांगा, तुळशीची कोवळी काडी गोल असते की चौकोनी? बहुतेक जणी पटकन ‘गोल’ म्हणतील. आता उठून एक काडी दोन बोटांत धरून हलकेच फिरवून पाहा. चार कडा बोटांना लागतील. तिची पानंही समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोन करून बसते. म्हणजे वरून पाहिलं तर पानांची फुलीच दिसते!

आणखी एक प्रश्न. पारिजातकाच्या फुलाला पाकळ्या किती? सडा वेचताना मोजून बघा. एका फुलाला पाच असतील, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला सात. ज्या फुलांचे आपण जन्मभर हार केले, त्यांच्या पाकळ्या मोजायची वेळ कधी आलीच नाही. बघितलं रोज, पण पाहिलं नाही.

हे पाहणं शिकण्याचा एक सोपा, स्वस्त आणि कोणत्याही वयात जमणारा मार्ग आहे, तो म्हणजे समोर ठेवलेलं पान, फूल, फांदी, बी जसं दिसतं तसं कागदावर काढणं. मी त्याच्या मागे लागले ती मावळातल्या आमच्या छोट्याशा गटामुळे. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव अशा लोकलच्या रांगेतल्या आम्ही दहा-बारा जणी. कुणी अंगणवाडीसेविका, कुणी बचत गटातली, कुणी नुकतीच बँकेतून निवृत्त झालेली, बाकीच्या माझ्यासारख्या घर सांभाळून चार कामं करणाऱ्या. शिकवायला एक निवृत्त चित्रकला शिक्षिका. त्यांना आम्ही सगळ्याच, वय कितीही असो, ‘बाई’ म्हणतो.

निसर्गचित्र म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध उगवता सूर्य, खाली वळत येणारी नदी, काठावर झोपडी, शेजारी नारळाचं झाड आणि आकाशात चार आकडे काढावेत तसे पक्षी. चित्रकलेच्या तासाला महाराष्ट्रभरच्या मुलांनी हेच काढलं. मावळातल्या मुलांनीसुद्धा! गंमत म्हणजे त्यांच्या वर्गाच्या खिडकीतून दिसणारे डोंगर क्वचितच त्रिकोणी असतात. मळवली स्टेशनवर उतरून समोर पाहा. विसापूरचा माथा लांबलचक सपाट. शेजारी लोहगड, आणि त्याची लांब निमुळती विंचूकाट्याची सोंड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हे डोंगर झाले, म्हणून त्यांच्या अंगावर आडव्या पायऱ्या दिसतात. तुंगासारखा एखादा सुळका सोडला तर त्रिकोण शोधावाच लागेल. पण आम्ही खिडकीबाहेरचा डोंगर सोडून वहीतला डोंगर काढत राहिलो. डोक्यात एक ठरलेली खूण असते आणि हात ती खूण काढतो, डोळा तपासायला जातच नाही. पानाचंही तेच. ‘पान काढा’ म्हटलं की दोन कमानी, मधे एक रेघ आणि दोन्हीकडे माशाच्या काट्यासारख्या शिरा. आंबा असो, जांभूळ असो की करवंद, पान एकच.

बाईंनी पहिल्या दिवशी प्रत्येकीच्या पुढ्यात पळसाची एकेक डहाळी ठेवली. पळस आपल्याला म्हणीतून माहीत असतो. कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच. आमच्या पूर्वजांनी मोजून ठेवलेली ही गोष्ट. बाई म्हणाल्या, ‘‘म्हण खरीच आहे. पण तुम्ही म्हण काढू नका, पान काढा.’’ अर्ध्या तासाने सगळ्यांच्या कागदांवर तीन सारखी, गोल गोल पानं उगवली होती. मग त्यांनी तिन्ही पानं, म्हणजे खरं तर एकाच पानाच्या तीन पर्णिका, सुट्या करून एकीवर एक ठेवायला सांगितल्या. बसेनातच! मधली रुंद, टोकाकडे पसरट, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखी. बाजूच्या दोघी मात्र तिरप्या. त्यांची एक बाजू फुगीर, दुसरी अरुंद. शिवाय मधलीचा देठ लांब, बाजूच्यांचे अगदी आखूड. तीन हा आकडा सगळ्यांना पाठ होता, पण तीन सारखी नाहीत हे त्या दिवशी कळलं. मला वाटतं, या सगळ्या अभ्यासाचं मर्म त्या एका डहाळीत होतं. जे माहीत असतं तेच पाहण्याच्या आड येतं.

सामान म्हणाल तर फारसं लागत नाही. एक क्लिपचं पॅड, कार्ट्रिज पेपर, एचबी आणि टूबी अशा दोन पेन्सिली, खोडरबर, एक भिंग आणि पाण्याची छोटी बाटली. बाटली प्यायला नव्हे, डहाळी ठेवायला. तोडलेली फांदी वाट बघत बसत नाही. म्हणून क्रम ठरलेला असतो. आधी फूल, मग कोवळं पान, मग जून पान आणि शेवटी खोड. तेरड्याचा रंग तीन दिवस असं आपण म्हणतो, पण तोडलेल्या तेरड्याचं फूल तीन तासही नीट उभं राहत नाही. टाकळ्याची तर आणखीच तऱ्हा. एकदा आम्ही दुपारी चारला टाकळा काढायला बसलो आणि सहाच्या सुमारास पाहतो तर पर्णिका एकमेकींना चिकटून मिटू लागलेल्या. एकजण वैतागून म्हणाली, ‘‘अगं, हा हलतोय!’’ टाकळा झोपायला निघाला होता. त्या दिवसापासून टाकळा सकाळच्या वेळेला.

सराव कसा करायचा, याचे बाईंनी काही धडे दिले. कुणालाही घरी करता येतील म्हणून सांगते.

पहिला धडा म्हणजे कागदाकडे न बघता काढणं. पेन्सिल कागदावर टेकवायची, नजर पानाच्या कडेवर ठेवायची आणि मुंगी त्या कडेवरून चालली आहे असं समजून तिच्या वेगाने हात फिरवायचा. खाली बघायचं नाही. जे उमटतं ते पाहून आधी हसूच येतं. पण त्या वेड्यावाकड्या रेघेत पानाचा प्रत्येक दाता, किडीने खाल्लेला प्रत्येक कोपरा आलेला असतो. अमेरिकेत किमॉन निकोलाइडीस नावाच्या चित्रकला शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांसाठी अशा सरावांची एक पद्धतच बसवली होती. ती 1941 साली पुस्तकरूपाने आली आणि आजही जगभर शिकवली जाते.

दुसरा धडा मोकळ्या जागांचा. फांदी काढायची नाही, दोन पानांच्या मधून जो आकाशाचा तुकडा दिसतो तो काढायचा. पानाला नाव असतं, म्हणून डोकं मधे मधे करतं. त्या तुकड्याला नावच नाही. मग तो जसा आहे तसा येतो, आणि सगळे तुकडे काढून झाले की फांदी आपोआप उभी राहते. ताकातून लोणी वर यावं तशी!

तिसरा धडा मापाचा. हात ताठ करून पेन्सिल डोळ्यांसमोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि देठ पानाच्या लांबीत किती वेळा बसतो ते मोजायचं. आपल्याकडे सरळ रोखलेलं पान अगदी आखूड दिसतं, कधी नुसती एक चंद्रकोर. ‘पान एवढं छोटं कसं असेल?’ असं वाटून हात त्याला लांब करतो. तिथे पेन्सिलीच्या मापावर विश्वास ठेवायचा.

चौथी गोष्ट सरावापेक्षा सवयीची. कागदाच्या कोपऱ्यात तारीख, जागा, वास, लव आहे की गुळगुळीत, चीक येतो का, हे लिहायचं. चित्र फसलं तरी फाडायचं नाही. कारवीसारखं झुडूप सात वर्षांतून एकदा फुलतं, तेव्हा तारीख घातलेला कागद पुढच्या फुलोऱ्याला हाताशी लागतो. घराच्या कुडासाठी आपल्या डोंगरांत ज्या कारवीच्या काठ्या वापरल्या जायच्या, तीच ही.

हा झाला सराव. पण नुसत्या सरावाने एका टप्प्यापर्यंतच पोचता येतं. त्यापुढे जायला लागतं ते दुसऱ्याचं बोलणं. आणि हेच आम्हा बायकांना सगळ्यात जड गेलं.

विचार करून बघा. आपल्या कामाला घरात दोनच शेरे मिळतात. एक ‘छान झालंय’, तेही पेपरातून डोकं वर न काढता. दुसरा शेरा म्हणजे काही न बोलता ताटातली वाटी बाजूला सरकवणं. भाजीत नेमकं काय कमी आहे, हे शांतपणे, बोट ठेवून, आपला अपमान न करता कुणी सांगितल्याचं आठवतं का? त्यामुळे ‘छान’ ऐकलं की आपल्याला खरं वाटत नाही, आणि ‘चुकलंय’ ऐकलं की आपणच चुकीच्या आहोत असं वाटतं. गटात सुरुवातीला हेच व्हायचं. एकीचं चित्र पुढे आलं की बाकीच्या कोरसमध्ये ‘अय्या, कित्ती सुंदर!’ आणि मागे दोघींची कुजबुज.

बाईंनी त्यावर नियमच घातले. पहिला, ‘छान’, ‘सुंदर’, ‘मस्त’ हे शब्द बंद. दुसरा, चित्र एकटं दाखवायचं नाही, डहाळी शेजारी हवी. जे बोलायचं ते दोन्हींवर बोट ठेवून. ‘देठ जिथे खोडाला लागतो तिथे खऱ्या फांदीवर फुगवटा आहे, कागदावर नाही’ हे चालेल. ‘जरा जिवंत वाटत नाही’ हे चालणार नाही. तिसरा, जिचं चित्र आहे तिने लगेच उत्तर द्यायचं नाही. आधी पुन्हा एकदा डहाळीकडे पाहायचं, मग बोलायचं. चौथा, दुसरीच्या कागदावर आपली पेन्सिल टेकवायची नाही. दुरुस्ती जिची तिने करायची.

या नियमांची खरी परीक्षा कळलावीच्या वेळी झाली. श्रावणात रस्त्याकडेच्या झुडपांवर चढलेली कळलावी तुम्ही पाहिली असेल. ज्वाळांसारख्या नागमोडी पाकळ्या, आधी हिरवट पिवळ्या, मग लालभडक होत जाणाऱ्या. आमच्यातल्या बहुतेकींनी ते फूल कमळासारखं वर तोंड करून बसवलं. त्यावर आमच्या अंगणवाडीसेविका मैत्रिणीने हळूच हात वर केला. ‘‘फूल तर खाली मान घालून लोंबतंय. पाकळ्या तेवढ्या उलट्या वर वळल्यात. आणि मधली ती हिरवी काडी आहे ना, ती सरळ नाहीये. बुडापासूनच काटकोनात बाजूला वळलीय.’’ आम्ही सगळ्या वाकून बघायला लागलो. खरंच होतं! शिवाय तिने आणखी एक गोष्ट दाखवली. कळलावीच्या पानाचं टोक पुढे लांबून दोऱ्यासारखं वळतं आणि त्यानेच वेल आधार पकडतो. गटात कधीच न बोलणारी ही बाई त्या दिवशी पाच मिनिटं बोलली, आणि कुणाला लागलं नाही. कारण ती माणसांबद्दल बोलतच नव्हती, फुलाबद्दल बोलत होती. डहाळी मधे असली की टीका माणसावरून फांदीवर सरकते. मला तर वाटतं, घरातल्या भांडणांतही अशी एखादी डहाळी मधे ठेवता आली तर किती बरं होईल!

आता सांगते ते नुसत्या हौसेचं नाही. कळलावीचं झाड मुळापासून बीपर्यंत विषारी आहे, कंद तर फारच. म्हणूनच ते आमच्या यादीत होतं. गटाने गावच्या अंगणवाडीसाठी आणि आरोग्य उपकेंद्रासाठी रानभाज्यांचा एक तक्ता करायला घेतला होता. खायच्या भाज्या आणि हात न लावायच्या वनस्पती, दोन्ही त्यात येणार होत्या. पावसाळ्याच्या तोंडावर उगवणारी शेवळं, जी काकडांच्या आंबट फळांशिवाय शिजवली तर घसा खाजवते. कुर्डू, भारंगी, फोडशी, टाकळा. अलीकडे कृषी विभागातर्फे ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात, शहरातली माणसंही हौसेने या भाज्या घेतात. पण वाडीवरच्या नव्या मुलींना मात्र आईइतक्या भाज्या ओळखता येत नाहीत. शाळा, क्लास, मोबाईल यांत रानात जाणं राहूनच जातं. तेव्हा तक्ता उपयोगी पडेल, असं आमचं गणित.

टाकळ्याचं चित्र आमच्या एका मैत्रिणीने काढलं. तिचा हात मुळातच रांगोळीचा, रेघ सुरेख. दुसऱ्या एका मैत्रिणीने येताना रस्त्याकडेच्या एका मोकळ्या प्लॉटवरून डहाळी आणून दिली होती. पाऊस नुकताच सुरू झालेला, त्यामुळे फूल नाही, शेंग नाही, नुसती पानं. तिने तीन तास बसून ती काढली. प्रत्येक पानाला पर्णिकांच्या पाच जोड्या, टोकं अणकुचीदार, शिरा मोजून. चित्र मधे आलं तेव्हा नियमाप्रमाणे आम्ही डहाळी शेजारी ठेवून तपासलं. जोड्या पाच? पाच. टोकं? तशीच. देठाच्या अगदी बुडाशी एक बारीकसा टेंगूळ होता, तोही तिने सोडला नव्हता. कुणालाच बोट ठेवायला जागा सापडेना. चित्र पास झालं, खाली सुबक अक्षरांत ‘टाकळा’ लिहूनही झालं.

बाजारात रानभाजी विकायला बसणाऱ्या ठाकरवाडीतल्या एक मावशी आमच्या ओळखीच्या. तक्त्याचे कच्चे कागद त्यांना दाखवायला घेऊन गेलो. मावशींना अक्षर ओळखत नाही. त्या एकेक कागद हातात घेत होत्या आणि नाव सांगत होत्या. शेवळं. भारंगी. कुर्डू. टाकळ्याच्या कागदावर मात्र थांबल्या. कागद जवळ धरला, लांब धरला. मग म्हणाल्या, ‘‘ह्यो कासविंदा काढलाय व्हय? ह्याला कशापायी भाजीत घातलाय?’’

आम्ही म्हटलं, ‘‘मावशी, टाकळा आहे तो.’’

‘‘न्हाय वं बाई. टाकळ्याला पानांच्या तीन जोड्या, अन् त्ये बी टोकाला गोल. ह्यो बघा ना, पाच जोड्या अन् टोकदार. चित्रात चांगलं दिसतंय की!’’

आम्ही सगळ्या गप्प. मावशींनी टोपलीतून टाकळ्याची जुडी काढून चित्राशेजारी ठेवली. तीन जोड्या, टोकाकडे रुंद, गोलसर. आणि तो बारीक टेंगूळ इथे देठाच्या बुडाशी नव्हता, पर्णिकांच्या खालच्या जोडीच्या मधे होता.

टाकळा आणि कासविंदा, दोघे एकाच कुळातले, पावसात रस्त्याकडेला शेजारी शेजारी उगवणारे. कासविंद्याला औषधी म्हणून ओळखणारे लोक आहेत, पण भाजीचा टाकळा तो नव्हे. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात पूर्वी दरवर्षी लहान मुलं एका न कळणाऱ्या आजाराने दगावत. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याचा संबंध कासविंद्याच्या बिया खाण्याशी जोडला गेला. अंगणवाडीच्या भिंतीवर ‘टाकळा, खाण्यायोग्य’ असं लिहून कासविंद्याचं चित्र लागलं असतं, तर?

घरी येताना ती रांगोळीचा हात असलेली मैत्रीण रडवेली झाली होती. ‘‘माझं चित्र चुकलं,’’ म्हणत होती. बाई तिला म्हणाल्या, ‘‘तुझं चित्र बरोबर होतं म्हणून तर वाचलो. नाव चुकलं होतं. तू चार पानं अंदाजाने काढली असतीस, तर मावशींनीही कुठलंतरी हिरवं झाड म्हणून कागद पुढे सरकवला असता.’’

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आम्ही शिकल्यासवरलेल्या दहा-बारा जणींनी खालचं नाव वाचलं. मावशींना अक्षर येत नव्हतं, म्हणून त्यांनी चित्र वाचलं. खरी परीक्षक त्या. त्यानंतर बाईंच्या चार नियमांत पाचव्याची भर पडली. ज्या माणसाला ते झाड रोजच्या वापरातून माहीत आहे, त्याने पाहिल्याशिवाय खाली नाव लिहायचं नाही. मावशी आता महिन्यातून एकदा गटात येतात, चहा घेतात आणि आमची चित्रं तपासतात. त्यांच्या वेळेचं मानधन आम्ही वर्गणीतून देतो, कारण ती विद्या आहे. तक्त्यावर आता टाकळा आणि कासविंदा शेजारी शेजारी आहेत, तीन जोड्या आणि पाच जोड्या ठळक दिसतील असे. खाली मोठ्या अक्षरांत ओळ आहे, नुसता तक्ता बघून भाजी तोडू नका, जाणत्या माणसाला दाखवा.

‘मग फोटोच का नाही काढला?’ असा प्रश्न मला नेहमी विचारतात. आता तर प्रत्येकीच्या हातात कॅमेरा आहे. फोटो काढावेच, आम्हीही काढतो. पण फोटोत उजेड पडेल तेवढंच येतं. चित्रात पानाची वरची बाजू, खालची बाजू, उभी कापलेली कळी, मोठी करून दाखवलेली बी, सगळं एका कागदावर मांडता येतं. नको असलेलं मागचं गवत गाळता येतं. म्हणूनच वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत अजूनही रेखाचित्रं असतात. आणि फोटोला लागतो एक क्षण, चित्राला लागतात दोन तास. ते दोन तास आपण त्या झाडासोबत असतो, हीच तर कमाई.

अशी मेहनत आपल्या याच परिसरात पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी केली होती. लोणावळ्याहून पुण्याला जाताना लोकल दापोडीला थांबते. आपल्या मावळात उगम पावणारी पवना याच भागात मुळेला मिळते. तिथे इंग्रजांच्या काळात सरकारी वनस्पती उद्यान होतं. त्याची देखरेख अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरकडे होती. मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षकही तोच. 1847 ते 1850 या काळात त्याने एका चित्रकाराकडून तिथल्या झाडांची दीडशेहून अधिक चित्रं करून घेतली. ती आज स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत. हेन्री नॉल्टी यांनी त्यांच्यावर लिहिलेलं पुस्तक 2002 साली निघालं. गिब्सनचं नाव आहे, झाडांची नावं आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढंच समजतं, त्याचं नाव मात्र कुठे नोंदलेलं नाही. ज्याने तासन् तास बसून पान न् पान पाहिलं, तो कागदावर आहे आणि नावाने कुठेच नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी भिंतींवर, उंबऱ्यांवर, गोधड्यांवर काढलेल्या वेलबुट्ट्यांचं तरी दुसरं काय झालं? म्हणून आम्ही एक ठरवलं. चित्राखाली काढणारीचं नाव, आणि नाव सांगणाऱ्या मावशींचंही, त्यांच्या संमतीने.

‘आता या वयात?’ हा दुसरा नेहमीचा प्रश्न. मारिया सिबिला मेरियन ही जर्मन चित्रकार 1699 साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली. कशासाठी? सुरवंट कुठलं पान खातो आणि त्याचं पुढे कोणतं फुलपाखरू होतं, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून काढायला. त्या चित्रांचा तिचा ग्रंथ 1705 साली निघाला. आपल्याला समुद्र ओलांडायचा नाही. लोणावळ्यात राहणाऱ्यांनी रायवूड पार्कातल्या जुन्या झाडांखाली बसावं, बाकीच्यांनी गच्चीतल्या कुंडीजवळ.

तेव्हा मैत्रिणींनो, सुरुवात करायची असेल तर मोठी फुलं सोडा. गुलाब तर मुळीच नको, त्यात भले भले हरवतात. स्वयंपाकघरातूनच सुरू करा. आल्याचा तुकडा, लसणाची कुडी, कढीपत्त्याची काडी, वाटाण्याची उघडलेली शेंग. रोज वीस मिनिटं, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत म्हणा ना! आठवड्यातून एकदा दोघीतिघींनी एकत्र बसा, वस्तू मधे ठेवा आणि ‘छान’ हा शब्द दाराबाहेर ठेवून एकमेकींची चित्रं पाहा. तीन महिन्यांनी पहिला कागद काढून शेजारी ठेवा. काय बदललं ते कुणी सांगायची गरज पडणार नाही.

गौरींच्या दिवसांत डोंगरातून तेरडा घरोघरी येतो. कुठे कुठे तर तेरड्याचीच गौर मांडतात. या वर्षी मुखवटा चढवण्याआधी, हळदीकुंकवाची गडबड सुरू होण्याआधी, एक डहाळी बाजूला काढून पाण्यात ठेवा. फुलाच्या मागे एक बारीक, वाकडी शेपटी असते. ती कुठून निघते आणि कुणीकडे वळते, एवढंच नीट पाहून काढा. फूल सुकायच्या आत.